डबीवरचं लेबल आणि कंसातलं वाक्य

प्रश्न : मॅडम, माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) ७४ वर्षांचे आहेत. एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होते. साताऱ्याहून कुठल्याही गावाचं भाडं झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे. गेल्या दोन-अडीच महिन्यांत फार विसरायला लागलेत. एकच प्रश्न तासाभरात तीनदा विचारतात. मागच्या आठवड्यात भाजी आणायला गेले आणि येताना गल्ली चुकले. ओळखीच्या मुलाने घरी आणून सोडलं. टीव्हीचा आवाज तर इतका वाढवतात की शेजारी बोलतात.

भाऊ परदेशात असतो. त्याने स्मरणशक्तीसाठी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल पाठवल्यात, सोबत हळदीच्या गुणांचा एक फॉरवर्डही. डबीवर ‘काळ्या मिरीच्या अर्कासह’ असं लिहिलंय. तीन आठवडे झाले, रोज दोन देते. आत्याचं म्हणणं, कॅप्सूल कशाला, दुधात हळद, जायफळ, दालचिनी घालून द्या. हळद खाऊनच तर आपल्याकडच्या म्हाताऱ्यांची डोकी शेवटपर्यंत शाबूत असायची. अण्णांना शुगर आहे, १२ वर्षं मेटफॉर्मिन घेतात. सकाळी उपाशीपोटी पित्ताची कॅप्सूल असते. माळकरी आहेत. हृदयाची झडप बदललीय म्हणून रक्त पातळ राहायला वॉरफेरिन चालू आहे. (गणपतीच्या आधी न्हाणीघरात पाय घसरून पडले होते, पण लागलं काही नाही, डोक्याला टेंगूळ आलं तेवढंच.)

कॅप्सूल किती दिवस द्यायच्या? दोनाच्या चार केल्या तर लवकर फरक पडेल का? आणि मुलगा दहावीला आहे, त्यालाही चालू करू का?

— अण्णांची लेक, सातारा

उत्तर :

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी, सदराची वाट न बघता, मी तुम्हाला चार ओळी पाठवल्या होत्या. कॅप्सूल आजच बंद. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी (आकडा जितका मोठा तितकं रक्त पातळ), आजच. आणि अण्णा पडल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगून डोक्याचा सीटी स्कॅन. दुसऱ्या दिवशी तुमचा निरोप आला : स्कॅन चांगला, डोक्यात रक्त साकळलेलं नाही, पण आयएनआर ५.८. त्यांच्या झडपेसाठी तो २.५ ते ३.५ च्या दरम्यान हवा असं तुमच्याच वहीत लिहिलेलं आहे. डॉक्टरांनी वॉरफेरिन दोन दिवस थांबवली. वाचून माझा जीव भांड्यात पडला. आता निवांत बोलता येईल.

पत्रातलं सगळ्यात मोठं वाक्य तुम्ही कंसात टाकलं होतं. मी ३० वर्षं औषधशास्त्र शिकवलं, आणि पेशंटची माणसं खरी गोष्ट दाराशी चप्पल घालताना सांगतात, हे विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगत आले. म्हातारपणी मेंदू थोडा आक्रसतो, कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये जागा वाढते आणि तिथल्या बारीक शिरा ताणल्या जातात. साधा धक्का बसला तरी एखादी शीर फाटते आणि रक्त थेंब थेंब साठत राहतं. त्या दिवशी काहीच कळत नाही. तीन-चार आठवड्यांनी माणूस विसरतो, गोंधळतो, चालताना एका बाजूला झुकतो, आणि घरचे म्हणतात, वय झालं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका कितीतरी पटीने जास्त. वेळेत सापडलं तर बारीक भोक पाडून ते रक्त काढता येतं आणि पुष्कळदा माणूस पहिल्यासारखा होतो. अण्णांच्या बाबतीत तसं निघालं नाही, चांगलं झालं. पण कॅप्सूलने गुण येतो का बघू म्हणून तुम्ही अजून तीन महिने थांबला असतात, आणि आयएनआर असाच चढत राहिला असता, तर नवं टेंगूळ यायला न्हाणीघराचीही गरज पडली नसती.

आयएनआर चढला तो कॅप्सूलमुळेच, असं मी शपथेवर सांगणार नाही. वॉरफेरिन पालेभाजीने, तापाने, अँटिबायोटिकने, कशानेही हलते. पण संशय घ्यायला जागा आहे. न्यूझीलंडच्या औषध नियामक संस्थेने २०१८ साली लोकांना सावध केलं होतं. तिथे वॉरफेरिनवर असलेल्या एका रुग्णाने हळदीचं एक उत्पादन सुरू केलं आणि काही आठवड्यांत त्याचा आयएनआर १० च्या वर गेला. तुमचे तीन आठवडे आणि ५.८ हा आकडा त्याच वाटेवरचे दिसतात.

आता डबी. तुम्ही लेबलचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क, त्यातलं ९५ टक्के करक्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक, त्या वर्गातलं. खाली, भिंग लावून वाचावं लागेल अशा अक्षरात, काळ्या मिरीचा अर्क ५ मिलिग्रॅम. याचा स्वयंपाकघरातला हिशोब करू. आपल्या हळदीत करक्युमिन साधारण ३ टक्के असतं. वर्ध्याकडच्या वायगावच्या हळदीत त्याहून बरंच जास्त, पण दुकानातली धरा ३. म्हणजे सपाट चमचाभर, ३ ग्रॅम हळदीत झालं ९० मिलिग्रॅम. घरात माणशी रोज तेवढीही पडत नाही. तुमची एक कॅप्सूल म्हणजे पाच चमचे हळदीचं करक्युमिन, दोन म्हणजे दहा. ‘हळदच तर आहे’ असं भाऊ फोनवर म्हणाला असेल. एका जेवणात दहा चमचे हळद घातलेली आमटी त्याच्यापुढे ठेवून बघा.

तरी खरा खेळ हळदीचा नाही, मिरीचा आहे. करक्युमिन एकटं पोटात गेलं तर अंगाला फारसं लागत नाही. आतड्याची भिंत आणि यकृत मिळून ते लगेच गुंडाळून बाहेर काढतात. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ साली निरोगी माणसांना २ ग्रॅम करक्युमिन दिलं, तर रक्तात ते जेमतेम सापडलं. सोबत मिरीतलं पायपरिन २० मिलिग्रॅम दिलं, तेव्हा रक्तात पोचलेलं प्रमाण २० पटीने वाढलं. हा एक आकडा आज जगभरच्या डब्यांवर छापला जातो. पायपरिन हे करतं कसं? अण्णांना समजेल असं सांगते. यकृत हा गाडीच्या दारात उभा असलेला कंडक्टर. पायपरिन त्याला गप्पांत गुंतवतं. मग करक्युमिन विनातिकीट आत शिरतं. पण कंडक्टर गप्पांत असताना एकटं करक्युमिनच थोडंच शिरणार? मागच्या रांगेतली इतर औषधंही शिरतात आणि रक्तातलं त्यांचं प्रमाण वाढतं. रक्त पातळ करणाऱ्या, फिट्सच्या, अवयव बदलल्यावर घ्यायच्या गोळ्या, ज्यांची मात्रा केसागणिक सांभाळायची असते, तिथे हे महागात पडतं. ५ मिलिग्रॅम पायपरिन म्हणजे दोन मिरीदाणे. भाजीत दोन दाणे पडले म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. पण तेच नेमाने, रोज दोनदा, एवढ्या अर्काच्या जोडीला दिले की तो औषधाचा डोस झाला. आणि औषध म्हटलं की बाकीच्या गोळ्यांच्या यादीशेजारी ते लिहिलं पाहिजे, डॉक्टरांनी ती यादी वाचली पाहिजे. भावाचं हेच चुकलं. माया म्हणून पाठवलं, त्यामुळे कुणी यादीत धरलं नाही.

यकृताची आणखी एक गोष्ट. अमेरिकेतल्या यकृत-इजांची नोंद ठेवणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाने २०२२ साली हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे कावीळ-हेपटायटिस झालेले १० रुग्ण मांडले. पाच जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं, एक दगावला. दहापैकी सात जणांत एकच विशिष्ट जनुकीय खूण होती, म्हणजे हे सगळ्यांना होत नाही. पण आपल्यात ती खूण आहे की नाही, हे घरी बसून कुणाला कळणार?

मग इतका धोका पत्करावा असा काही फायदा आहे का? तुमचा मूळ प्रश्न हाच होता, आणि तो सोपा नाही. शास्त्रज्ञ हळदीकडे उगाच वळले नाहीत. अल्झायमरमध्ये मेंदूत एका प्रथिनाची पुटं साठतात. करक्युमिनचा रेणू त्या पुटांना चिकटतो आणि विशिष्ट प्रकाशात चमकतोही. उंदरांवर २००१ सालापासून प्रयोग झाले आणि पुटं कमी झाल्याचं दिसलं. पण उंदराला बरी करणारी औषधं माणसाच्या अल्झायमरपुढे कितीदा आपटली याची मोजदाद ठेवणंही आता लोकांनी सोडलंय.

माणसांवरच्या प्रयोगांपैकी दोन सांगते, कारण दोन्ही लॉस एंजेलिसच्या एकाच विद्यापीठातले आहेत. २०१२ साली ज्यांना अल्झायमर झालेलाच होता अशा ३६ जणांना २४ आठवडे रोज २ किंवा ४ ग्रॅम करक्युमिन किंवा नुसती खोटी गोळी दिली. फरक शून्य. रक्तातही करक्युमिन नगण्य होतं. ४ ग्रॅम म्हणजे अदपावाहून जास्त हळद, रोज! तेव्हा दोनाच्या चार केल्या तर काय, याचं उत्तर त्यातच आलं. मग २०१८ साली दुसरा प्रयोग. यावेळी स्मृतिभ्रंश नसलेली, फक्त वयानुसार थोडी विसरणारी ४० माणसं. त्यांना रक्तात सहज उतरेल असं खास बनवलेलं करक्युमिन ९० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दीड वर्षं. यांची स्मरणाच्या चाचणीतली कामगिरी खरोखर सुधारली. भावाने पाठवलेल्या फॉरवर्डमध्ये हाच दुसरा प्रयोग आहे, पहिल्याचा मागमूस नाही. शिवाय त्यात मिरी नव्हती, बनवण्याची पद्धतच निराळी होती. तुमच्या डबीतला माल तो नव्हेच. ऑस्ट्रेलियात ९६ ज्येष्ठांना वर्षभर रोज १५०० मिलिग्रॅम दिलं, तिथे बहुतेक चाचण्यांत काही फरक दिसला नाही. ४० माणसांचा एक चांगला निकाल, एवढ्यावर मी माझ्या वडिलांना औषध दिलं नसतं. मोठ्या प्रयोगात तेच दिसलं तर मत बदलेन.

आत्याबाईंचा मुद्दा मात्र मला आवडतो, कारण तो मोठमोठ्या लोकांनीही मांडलाय. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत अल्झायमर फार कमी आढळला असं २००१ च्या सुमारास प्रसिद्ध झालं, आणि जगभर ‘भारतीय हळद खातात म्हणून’ अशी आवई उठली. सिंगापुरात २००६ साली १,०१० ज्येष्ठांना विचारून पाहिलं, तर करी खाणाऱ्यांचे गुण न खाणाऱ्यांपेक्षा थोडे बरे होते. पण यात एक मेख आहे. ज्याची तब्येत आणि डोकं ठीक आहे तो चमचमीत खातो, चार लोकांत जेवतो. विसराळू झालेल्याला घरचे पेज देतात. करीने डोकं चाललं की डोकं चालत होतं म्हणून करी खाल्ली, हे नुसतं विचारून कळत नाही. पुढे देशभर नीट पाहणी झाली तेव्हा साठीच्या पुढच्या भारतीयांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश निघाला. तेही सगळे हळद घातलेलंच जेवतात. पूर्वी शाबूत डोक्याचे म्हातारे दिसायचे, कारण बाकीचे तिथवर पोचायचेच नाहीत.

(फॉरवर्डमध्ये ‘अमेरिकेनेही हळद मान्य केली’ म्हणून त्या पेटंटचाही उल्लेख आहे. १९९५ साली अमेरिकेत हळदीवर पेटंट दिलं गेलं, डॉ. माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं, हे खरं. आपल्या सगळ्यांना त्याचा अभिमान आहे. पण ते जखमेवर लावायच्या हळदीबद्दल होतं. विसरण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.)

आत्याच्या दुधातल्या बाकीच्या वस्तू पटकन सांगते. जायफळ दोन-चार वेढे उगाळलेलं असेल तर हरकत नाही. झोपेसाठी आपण देतोच. चमचाभर पूड कधी नको. त्यातल्या मायरिस्टिसिनने माणूस भ्रमिष्टासारखा करतो, धडधड होते, आणि आधीच गोंधळलेल्या अण्णांचं काय बिघडलं हे मग कुणालाच कळणार नाही. दालचिनी आपल्या बाजारात दोन जातींची मिळते. जाड, टणक सालीची ती कॅशिया. तिच्यात कौमरिन नावाचं द्रव्य भरपूर, रोज जास्त घेतली तर यकृताला त्रास. पातळ पापुद्रे एकात एक गुंडाळलेली ती श्रीलंकेची. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली ‘कोकण तेज’ही त्याच जातीची. चिमूटभर घालायची तर ही घाला. स्मरणासाठी दालचिनी म्हणाल तर अजून गाडी बहुतांशी उंदरांच्याच स्टॉपवर आहे. केशराचं मात्र थोडं बरं चित्र आहे : तेहरानमध्ये २०१० साली सौम्य ते मध्यम अल्झायमर असलेल्या ४६ जणांना १६ आठवडे रोज ३० मिलिग्रॅम केशर दिलं, तर खोट्या गोळीपेक्षा निकाल चांगला आला. प्रयोग लहान आहे, आणि बाजारात केशर म्हणून काय काय रंगवून विकतात ते मी सांगायला नको.

रंगावरून आठवलं. माझं माहेर सांगलीकडचं. हळद शिजून वाळली की हळकुंडं ड्रममध्ये घालून फिरवायची, घासून घासून साल जाते आणि आतला पिवळा उजळतो; त्याला पॉलिश म्हणतात. अंगणात उभं राहिलं तर नाकापासून पापण्यांपर्यंत पिवळी धूळ. बांगलादेशात याच पॉलिशच्या वेळी रंग खुलावा म्हणून काहीजण लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग मिसळायचे. २०१९ साली तिथल्या बाजारातल्या जवळजवळ निम्म्या नमुन्यांत शिसं सापडलं. सरकारने छापे घातले, दंड केले, आणि २०२१ पर्यंत ते शून्यावर आलं. शिसं मेंदूला, त्यातून लहान मुलांच्या मेंदूला, किती वाईट हे वेगळं सांगत नाही. तेव्हा हळदीने स्मरणशक्ती वाढवायच्या आधी निदान तिने कमी होऊ नये एवढं बघा. डोळ्यात भरेल इतकं झगझगीत हळकुंड घेऊ नका, सुटी स्वस्त पूड टाळा, आगमार्क बघा.

आता अण्णा. स्कॅन स्वच्छ आला म्हणजे विसरण्याचं कारण अजून सापडलेलं नाही, एवढंच. तुमच्या पत्रात मला तीन धागे दिसतात. माळकरी, म्हणजे अंडं-मासा नाही. १२ वर्षं मेटफॉर्मिन. आणि रोज सकाळी पित्ताची कॅप्सूल. तिन्हींनी शरीरातलं बी-१२ कमी होतं, आणि बी-१२ कमी झालं की माणूस विसरतो, पायाला मुंग्या येतात, तोल जातो. न्हाणीघरात पाय घसरला तो ओल्या फरशीमुळेच का, हेही विचारून बघा. ही तपासणी काही हजारांच्या कॅप्सूलपेक्षा कितीतरी स्वस्त आहे, आणि कमी निघालं तर औषध आहे. वॉरफेरिनवर असल्यामुळे दंडात इंजेक्शन द्यायचं की गोळी, हे डॉक्टर ठरवतील. सोबत थायरॉईड, सोडियम आणि शुगरचा आलेख. शुगर वारंवार खाली जात असेल तरी डोकं असंच होतं. सर्दीची किंवा झोपेची गोळी दुकानातून आणून घेतात का तेही बघा. तशा बऱ्याच गोळ्या म्हाताऱ्यांच्या स्मरणावर बसतात.

टीव्हीचा आवाज हा चौथा धागा. ऐकू कमी येणं ही स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी एक मोठी जोखीम आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली अशा १४ जोखमी मोजल्या आणि त्या सगळ्या सांभाळल्या तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल असं मांडलं. त्या यादीत बी.पी., शुगर, कोलेस्टेरॉल, दृष्टी, एकटेपणा, व्यायाम असं सगळं आहे. मसाल्याचा डबा नाही. कान तपासून घ्या. कधीकधी नुसता मळ असतो.

‘जुनी भाडी अजून घडाघडा सांगतात, म्हणजे फार काही नसेल ना’ असं तुम्ही दुसऱ्या निरोपात लिहिलंत. ही आशा मला हळुवारपणे काढून घ्यावी लागेल. जुन्या आठवणी बराच काळ टिकतात; आधी जाते ती नवी नोंद ठेवण्याची ताकद. १९८५ सालचं महाबळेश्वरचं भाडं त्यांना आठवेल आणि सकाळी काय खाल्लं ते आठवणार नाही, असं होऊ शकतं. म्हणून रक्ताचे रिपोर्ट चांगले आले तरी मेंदूच्या डॉक्टरांकडून स्मरणाची रीतसर चाचणी करून घ्या. तोवर त्यांच्या खिशात पत्ता आणि तुमचा नंबर लिहिलेलं कार्ड ठेवा. जुना बॅजही त्याच खिशात चालेल, नाहीतर ते कार्ड काढून टाकतील.

मुलाला कॅप्सूल नको. दहावीच्या मुलाच्या स्मरणाचं दुकान रात्री झोपेत लागतं. दिवसभर वाचलेलं मेंदू तेव्हा रचून ठेवतो. रात्री एकपर्यंत जागवून सकाळी अर्क पाजायचा, यात नुकसान कुणाचं होणार? तुम्हाला स्वतःलाही त्याची गरज नाही, सुट्टीची असेल.

डबी फेकू नका. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना वॉरफेरिनच्या वहीसोबत न्या आणि टेबलावर ठेवा, म्हणजे अण्णांच्या कागदांवर तिची नोंद होईल. भावाला रागावू नका. पुढच्या महिन्यात काही पाठवायचंच असेल तर कानाच्या मशीनचे पैसे पाठव म्हणावं. बी-१२ आणि थायरॉईडचे रिपोर्ट आले की मला कळवा. आणि आत्याबाईंना सांगा, पाव चमचा हळदीचं दूध चालू ठेवायला माझी ना नाही, रोज तेवढंच असू दे. साखर तेवढी घालू नका म्हणावं.